घरी रूपांतर केलेल्या ओम्नीला सार्वजनिक चार्जिंग स्थानकावरून वीज कशी घेता येईल?

ओम्नीवाला_कोल्हापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे असलेल्या जुन्या मारुती ओम्नीचे पेट्रोल इंजिन उतरवून मी आणि माझ्या दोन मित्रांनी गेल्या दीड वर्षात ती विजेवर चालणारी केली आहे. मोटार ९६ व्होल्टची एसी इंडक्शन प्रकारची आहे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची असून १०० अँपिअर-तासाचे दोन-दोन सेल समांतर जोडून अशा ३२ जोड्या एकसरीत बसवल्या आहेत. म्हणजे नाममात्र व्होल्टेज १०२.४, पूर्ण भरल्यावर ११६.८ आणि एकूण साठा सुमारे २०.५ युनिट. मोजमाप करून पाहिल्यास सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण १५० वॉट-तास लागतात, त्यामुळे बॅटरी पार तळाला न नेता ११५ किलोमीटरपर्यंतचे अंतर गाठता येईल असा माझा हिशेब आहे.

चार्जर गाडीतच बसवलेला, ३.३ किलोवॅटचा, आणि घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा आहे. रात्री लावला की सकाळी बॅटरी भरलेली असते, त्यामुळे घरी काहीच अडचण नाही. अडचण आहे ती पुण्याला जाण्याची. कोल्हापूर ते पुणे हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर एका दमात होणार नाही, आणि वाटेत कऱ्हाड, सातारा येथे मला जी स्थानके दिसली त्यांवर साधे तीन पिनांचे सॉकेट नव्हते. एकीकडे टाइप २ ची, म्हणजे एसी वीज देणारी, सात पिनांची गन (केबलच्या टोकाचा हातात धरायचा जोड) होती, आणि दुसरीकडे सीसीएस २ ची, म्हणजे जलद डीसी चार्जिंगची, खाली दोन जाड पिना असलेली गन.

टाइप २ ची गन कापून तिला तीन पिनांचे सॉकेट जोडावे, म्हणजे झाले, असे एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सांगितले. मी तशी एक जोडकेबल करूनही पाहिली, पण स्थानकाने वीज सोडलीच नाही. पडद्यावर ‘वाहन जोडा’ हाच संदेश राहिला. माझे प्रश्न असे आहेत. स्थानक गाडीकडून नेमके काय अपेक्षित धरते? ते मला घरच्या घरी पुरवता येईल का? आणि इतकी खटपट करायचीच असेल, तर थेट सीसीएस २ बसवून अर्ध्या तासात बॅटरी भरण्याची सोय का करू नये?

नोंदणीचा आणि कागदपत्रांचा विषय मी तूर्त मुद्दाम बाजूला ठेवला आहे. आधी तांत्रिक बाजू समजून घ्यायची आहे.

पायलटवायर यांचे उत्तर

आपली जोडकेबल चालली नाही ही चांगलीच गोष्ट म्हणायची, कारण स्थानकाने जे करायला हवे तेच केले. घरच्या सॉकेटमध्ये वीज कायम असते; टाइप २ च्या गनमध्ये ती नसते. गनच्या टोकाशी गाडी आहे, ती नीट जोडलेली आहे आणि तिला वीज हवी आहे, या तिन्ही गोष्टींची खात्री पटल्याशिवाय स्थानकातील कॉन्टॅक्टर बंद होत नाही, म्हणजे परिपथ जोडला जात नाही. पावसात उघड्यावर टांगलेली गन कोणी हातात धरली तरी धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

ही खात्री ज्या तारेवरून होते तिला कंट्रोल पायलट म्हणतात. सात पिनांपैकी तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग, आणि उरलेल्या दोन लहान पिना कंट्रोल पायलट व प्रॉक्सिमिटी यांच्या. स्थानक पायलटच्या तारेवर एक किलोओहमच्या रोधकातून १२ व्होल्ट देते. गाडी जोडलेली नसताना ते १२ व्होल्टच राहतात. गाडीत पायलट आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि त्याच्या पुढे २.७४ किलोओहमचा रोधक बसवलेला असतो. गन लागताच व्होल्टेज ९ वर उतरते आणि स्थानकाला कळते की गाडी आली. मग स्थानक या तारेवर एक किलोहर्ट्झचा, अधिक १२ ते उणे १२ व्होल्टमध्ये फिरणारा चौकोनी संकेत सुरू करते. गाडीला वीज घ्यायची असेल तेव्हा ती पहिल्या रोधकाला समांतर १.३ किलोओहमचा दुसरा रोधक जोडते, संकेताची वरची बाजू ६ व्होल्टवर येते, आणि तेव्हाच कॉन्टॅक्टरचा ‘खट्’ असा आवाज ऐकू येतो.

येथपर्यंतचे सामान कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळते. बरेच जण येथेच थांबतात, आणि मला वाटते की खरी चूक तीच आहे, कारण पायलटचा संकेत केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगत नाही. त्या चौकोनी संकेताचा वरचा भाग किती टक्के वेळ टिकतो, यावरून स्थानक गाडीला कमाल किती प्रवाह घेता येईल ते कळवत असते. टक्केवारीला ०.६ ने गुणले की अँपिअर मिळतात. सुमारे २६.७ टक्के असतील तर १६ अँपिअर, ५३.३ टक्के असतील तर ३२, आणि १० टक्के असतील तर फक्त ६. हा आकडा चार्जिंग चालू असतानाही बदलू शकतो. एकाच जोडणीवर दोन गाड्या लागल्या आणि स्थानकाने भार वाटून द्यायचे ठरवले, तर आपल्या वाट्याचा प्रवाह खाली येतो आणि गाडीने पाच सेकंदांच्या आत त्याप्रमाणे वागणे अपेक्षित असते. आपला चार्जर डोळे मिटून १५ अँपिअर ओढत राहिला, तर स्थानक तरी बंद पडेल किंवा, स्थानकच दर्जाहीन असेल तर, केबल तापेल.

म्हणून एक छोटा मायक्रोकंट्रोलर हवाच. आर्डुइनो नॅनोदेखील पुरतो. त्याने पायलटचा संकेत ऑप्टोकप्लरमधून (प्रकाशाने संकेत पोहोचवून दोन परिपथ वेगळे ठेवणाऱ्या भागातून) मोजावा, टक्केवारीवरून अँपिअर काढावेत आणि चार्जरला कॅनवरून, म्हणजे गाडीतील उपकरणांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या संदेशवाहिनीवरून, मर्यादा कळवावी. आपल्या चार्जरला कॅनची जोडणी असेल असे मी गृहीत धरतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक चार्जरना ती असते, आणि ठरावीक काळ संदेश आला नाही तर ते स्वतःहून थांबतात, हा त्यांचा चांगला गुण आहे. मात्र एक खाच लक्षात ठेवावी. चार्जरला आपण सांगतो तो बॅटरीकडे जाणारा प्रवाह, आणि स्थानकाची मर्यादा असते ती त्याच्याकडून ओढल्या जाणाऱ्या प्रवाहाची. १६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, त्याची ९२ टक्के कार्यक्षमता धरली आणि १०५ व्होल्टच्या बॅटरीने भागले, तर ३२ अँपिअर येतात. पण संध्याकाळी व्होल्टेज २०५ वर उतरले की तीच शक्ती मिळवण्यासाठी चार्जर जास्त प्रवाह ओढतो. त्यामुळे दहा टक्क्यांची सवलत हाताशी ठेवून गणित मांडावे.

प्रॉक्सिमिटीच्या पिनेमागे गनमध्ये एक रोधक असतो आणि त्याच्या किमतीवरून केबलची क्षमता समजते: १५०० ओहम म्हणजे १३ अँपिअर, ६८० म्हणजे २०, २२० म्हणजे ३२ आणि १०० म्हणजे ६३. पायलट आणि प्रॉक्सिमिटी यांपैकी जो आकडा लहान असेल तो पाळायचा. याच पिनेचा आणखी एक उपयोग करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. गन लागलेली असताना मोटारीचा कंट्रोलर सुरूच होऊ नये, अशी अडसर-व्यवस्था येथूनच करता येते. गन लावलेली विसरून गाडी पुढे काढणारे केवळ आपणच असू असे नव्हे. कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक गाडीत ही सोय असते ती उगीच नाही.

ओम्नीवाला_कोल्हापूर

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. चार्जरला कॅनची जोडणी आहे, परंतु ती मी आजवर वापरलेली नाही. दोन शंका आहेत. पहिली, डायोड कशासाठी? रोधक लावल्याने ९ व्होल्ट तर तसेही येतात. दुसरी, ३.३ किलोवॅटने कऱ्हाडला बॅटरी भरायची म्हणजे साडेतीन-चार तास बसून राहावे लागेल. घरी मंडळी याला प्रवास म्हणायला तयार नाहीत. यावर काही उपाय आहे का?

पायलटवायर

डायोडमुळे संकेताची खालची बाजू उणे १२ वरच राहते, फक्त वरची बाजू उतरते. स्थानक दोन्ही बाजू तपासते. डायोड नसेल तर खालची बाजूही उणे ९ वर येते, आणि स्थानक समजते की येथे गाडी नसून कोणीतरी नुसता रोधक लावला आहे किंवा केबलमध्ये पाणी शिरले आहे. मी स्वतः पहिल्या वेळी डायोड उलटा लावला होता आणि अर्धा तास स्थानकाला दोष देत बसलो होतो.

वेळेचे म्हणाल, तर दुसरा ३.३ किलोवॅटचा चार्जर समांतर बसवावा. एकफेजी ७.४ किलोवॅटच्या स्थानकावर ३२ अँपिअर उपलब्ध असतात आणि दोन चार्जर मिळून सुमारे ३० घेतात. बॅटरीत प्रत्यक्ष सहा किलोवॅटच्या आसपास जातील. कोल्हापूर ते कऱ्हाड ७५ किलोमीटर, म्हणजे सव्वाअकरा युनिट खर्च. ते भरायला दोन तासांपेक्षा थोडे कमी. तेथून साताऱ्यापर्यंत ५० किलोमीटर, त्यांची भरपाई सव्वा तासात. साताऱ्याहून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण पुढे खंबाटकीचा चढ आहे आणि सपाट रस्त्याचा आपला १५० चा आकडा तेथे टिकणार नाही. जेवण आणि चहा मिळून सव्वातीन तास. कंटाळवाणे आहे, पण अशक्य नाही.

स्थानक २२ किलोवॅटचे त्रिफेजी असेल तर हुरळून जाऊ नये. आपण एकच फेज वापरणार, म्हणजे तेथेही ३२ अँपिअरच. दोन चार्जर दोन वेगळ्या फेजवर जोडण्याचा मोह होईल. पण मग एकफेजी स्थानकावर दुसऱ्याला वीजच मिळणार नाही, आणि वाटेत एकफेजी स्थानके पुष्कळ भेटतील. दोन्ही पहिल्याच फेजवर ठेवावेत. इनलेटपासून (गाडीवरील गन लावण्याच्या जागेपासून) पुढे सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी आणि प्रत्येक चार्जरच्या फाट्यावर स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी लावावा, कारण स्थानकातील संरक्षण ३२ अँपिअरच्या केबलसाठी असते, आपल्या चार्जरच्या बारीक तारेसाठी नव्हे.

दख्खन_ईव्ही यांचे उत्तर

सीसीएस २ च्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी माझ्या जीपसाठी तो प्रयत्न केला आहे, आणि आपल्या ओम्नीच्या बाबतीत उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. कारण व्होल्टेजचे आहे. महामार्गावरील जलद चार्जर ज्या गाड्यांसाठी बांधलेले असतात त्यांच्या बॅटऱ्या ३०० ते ४०० व्होल्टच्या किंवा त्याहून अधिक असतात. या चार्जरची खालची मर्यादा सहसा १५० किंवा २०० व्होल्ट असते. आपली बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही ११७ व्होल्टच्या वर जात नाही. संवाद कितीही अचूक जमवला, तरी तो चार्जर इतक्या खाली उतरूच शकणार नाही.

एके काळी आपल्या देशात कमी व्होल्टेजचे जलद चार्जिंगही होते. २०१७ च्या सुमारास आखलेले भारत डीसी-००१ हे मानक ४८ आणि ७२ व्होल्टच्या बॅटऱ्यांसाठी होते; कमाल प्रवाह २०० अँपिअर, कमाल शक्ती १५ किलोवॅट, जोडणी चिनी जीबी-टी प्रकारची आणि संवाद कॅनवरून. महिंद्राची ई-व्हेरिटो ७२ व्होल्टची होती आणि सरकारी कार्यालयांच्या आवारांत असे चार्जर उभे राहिले ते अशा गाड्यांसाठीच. नंतर २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन सीसीएस २ घेऊन आली, खासगी गाड्यांचा सगळा ओघ तिकडे वळला आणि जुने चार्जर मागे पडले. त्यांच्या भरवशावर आज प्रवास आखू नये. आपली बॅटरी तर ९६ व्होल्टच्या वर्गातील, म्हणजे तेथेही ती बसत नाही.

त्याच काळातील भारत एसी-००१ मात्र आपल्या कामाचे आहे. त्यात कारखान्यांत दिसते तसे निळे, गोल, तीन पिनांचे औद्योगिक सॉकेट असते आणि प्रत्येकातून १५ अँपिअर, म्हणजे ३.३ किलोवॅट मिळतात. त्याला पायलटची भानगड नाही; योग्य प्लग लावलेली चांगली केबल जवळ ठेवली की झाले. शहरांतील जुन्या वाहनतळांवर ती अजून आढळतात, महामार्गावर क्वचितच.

ज्यांची बॅटरी ३०० व्होल्टच्या पुढे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सीसीएसमध्ये पायलटचाच संकेत पाच टक्क्यांवर आणला जातो, आणि त्याचा अर्थ होतो ‘आता अँपिअर विसरा, बोलणे करू’. त्याच तारेवर होमप्लग ग्रीन पीएचवाय या तंत्राने नेटवर्क उभे राहते आणि डीआयएन ७०१२१ किंवा आयएसओ १५११८ या मानकांप्रमाणे संदेशांची देवाणघेवाण होते. स्थानक आधी गाडीचे कॉन्टॅक्टर उघडे असताना केबलमध्ये उच्च दाब सोडून इन्सुलेशन तपासते, मग आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवते, आणि त्यानंतरच गाडीने कॉन्टॅक्टर जोडायचे असतात. यासाठी खुल्या आराखड्याचे सर्किट-फलक आता उपलब्ध आहेत. ओपनइन्व्हर्टर या हौशी रूपांतर करणाऱ्यांच्या मंचावरील मंडळींनी केलेला फोक्सी त्यांतलाच एक. मी तो वापरतो आहे. दोन ठिकाणी तो पहिल्या फटक्यात चालला, तिसऱ्या ठिकाणी एकदाही चालला नाही, आणि का चालला नाही हे शोधण्यात माझे चार रविवार गेले. स्थानकांच्या सॉफ्टवेअरमध्ये मानकाचे अर्थ लावण्यात फरक असतात. कारखानदार ते रस्त्यावर फिरून तपासून घेतात, आपल्यासारख्या एकट्याला ते झेपत नाही.

जुना_तपासनीस यांचे उत्तर

आपण बाजूला ठेवलेला विषय मी पुन्हा मध्ये आणतो, त्याबद्दल राग नसावा. सार्वजनिक स्थानकावर जायचे म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून जायचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. पेट्रोल गाडी विजेवर आणण्याचा मार्ग बंद नाही, पण तो मान्यताप्राप्त रूपांतर-संचातून (किटमधून) जातो. एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे संचाची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत होते, मान्यता संच बनवणाऱ्याला मिळते, त्याने अधिकृत केलेल्या केंद्रात संच बसवला जातो आणि मग प्रादेशिक परिवहन कार्यालय प्रमाणपत्रावरील इंधनाची नोंद बदलते. एकट्या माणसाने घरी केलेल्या एका गाडीसाठी ही वाट व्यवहारात जवळजवळ नाहीच.

हे केवळ कागदांपुरते नाही. चारचाकीच्या बॅटरीसाठी एआयएस-०३८ मध्ये ज्या चाचण्या आहेत, त्यांत एका सेलला आग लागली तर ती पसरेपर्यंत आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो का, हे पाहिले जाते. ओम्नीत बॅटरी बहुधा मागच्या आसनाखाली असेल. कोणाच्या तरी हॉटेलच्या आवारात, शेजारी दुसऱ्याची गाडी उभी असताना तिला काही झाले, तर विमा कंपनी पहिला प्रश्न नोंदणीचाच विचारेल. गाडी आपण जीव लावून बांधली असेल यात मला शंका नाही. माझा प्रश्न आपल्या कौशल्याबद्दल नाही.

मान्यताप्राप्त संच बसवलेल्या वाचकांसाठीही एक सूचना. दुसरा चार्जर किंवा टाइप २ इनलेट बसवणे हाही त्या मान्य संचातील बदलच आहे. संच बनवणाऱ्याला आधी लेखी विचारावे. काहींच्या संचात टाइप २ चा पर्याय मुळातच मान्य करून घेतलेला असतो.

वायरमन_सांगली यांचे उत्तर

चर्चा पायलटच्या संकेतावरच फिरते आहे आणि अर्थिंगकडे कोणाचे लक्ष नाही, म्हणून चार शब्द. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या रूपांतरित गाडीला घरी कधीही काही झाले नाही, पण स्थानकावर लावली की दहा सेकंदांत वीज तुटत असे. त्यांनी तीन वेगवेगळी स्थानके पालथी घातली आणि तिन्ही बिघडलेली आहेत असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात स्थानकात ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण होते आणि घरी ते नव्हतेच. गाडीत बॅटरीची ऋण बाजू चेसिसला टेकलेली होती आणि चार्जर स्वस्तातला, आतून विलगीकरण नसलेला, म्हणजे बाहेरची वीज आणि बॅटरी यांना वेगळे न ठेवणारा होता. म्हणजे इतके महिने त्या गाडीच्या पत्र्याला हात लावणारा प्रत्येक जण नशिबावर चालला होता.

त्यामुळे स्थानकावर जाण्याआधी घरी तीन गोष्टी कराव्यात. बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून चेसिसपर्यंतचा इन्सुलेशन रोध मेगरने (उच्च दाब देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजावा; तपासताना बीएमएस (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आणि कंट्रोलर सोडवून ठेवावेत, नाहीतर मेगरच त्यांचा बळी घेईल. इनलेटच्या अर्थ पिनेपासून चेसिसपर्यंत पूर्ण जाडीची तार बोल्टने, खाली रंग खरवडून, बसवावी. रंगावर कसलेल्या बोल्टला अर्थिंग म्हणत नाहीत. आणि घरच्या चार्जिंग सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे तेच गळती-संरक्षण, लावून गाडी आठवडाभर त्यावर चालवावी. दुसरा चार्जर जोडल्यावर पुन्हा तपासावे, कारण चार्जरच्या आतील गाळणीच्या कपॅसिटरमधून थोडी गळती नेहमीच असते आणि दोन चार्जरची मिळून ती वाढते.

ती कापलेल्या गनची जोडकेबल मात्र आजच मोडीत काढावी. ती चालली नाही म्हणून आपण वाचलात. त्यात कोणी रोधक घालून ती चालू केली असती, तर दुसऱ्या टोकाला ३२ अँपिअरचे संरक्षण असलेली वीज १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये उघडी राहिली असती.

ओम्नीवाला_कोल्हापूर

तीन महिन्यांनी परत लिहितो आहे. उत्तर देण्यास उशीर झाला, कारण आधी सगळे करून पाहायचे होते.

जोडकेबल मोडून टाकली. मेगर आणून मोजले, तेव्हा ऋण बाजू आणि चेसिस यांच्यातील रोध अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. बॅटरीपेटीच्या कोपऱ्यात एका बसबारची कड पत्र्याला जवळजवळ घासत होती आणि मधल्या प्लास्टिकच्या पट्टीला काप गेला होता. वायरमनसाहेबांचा मुद्दा वाचला नसता तर ते मी उघडूनही पाहिले नसते.

कागदांच्या बाबतीत जुना_तपासनीस यांचे म्हणणे मला पटले, जरी मनाविरुद्ध. त्यामुळे पुण्याचा बेत रद्द आहे, आणि चाचणीसाठी ओम्नी टेम्पोवर चढवून एका परिचितांच्या हॉटेलच्या आवारातील ७.४ किलोवॅटच्या स्थानकाशी नेली. शेजारी वाहन नसेल अशी सकाळची वेळ त्यांनीच सुचवली. अग्निशामक नळकांडे आम्ही सोबत घेतले होते.

पहिल्या प्रयत्नात गंमत झाली. गन लावली, ‘वाहन जोडले आहे’ असा संदेश आला, पायलटवर ९ व्होल्ट आणि ५३ टक्के दिसले, आणि तेथेच सर्व थांबले. एक तास डोके खाजवल्यावर लक्षात आले की, दुसरा रोधक जोडणारा रिले मी बीएमएसच्या हवाली केला होता, आणि माझा बीएमएस जागा होतो तो चार्जरला वीज मिळाल्यावर. म्हणजे बीएमएस जागा झाल्याशिवाय स्थानक वीज देणार नाही, आणि स्थानकाने वीज दिल्याशिवाय बीएमएस जागा होणार नाही. घरी सॉकेटमध्ये वीज आधीपासूनच असल्याने हे कधी समोर आले नव्हते. आता पायलटचा संकेत दिसताच आर्डुइनो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून बीएमएसला उठवतो, बीएमएसने ‘सर्व ठीक’ सांगितल्यावरच रिले जोडतो, आणि थांबवताना आधी चार्जरचा प्रवाह शून्यावर आणून मग रिले सोडतो. कॉन्टॅक्टर भाराखाली उघडू नये, हा त्यामागचा हेतू.

दुसऱ्या खेपेला एका चार्जरवर पाऊण तास सलग चालले. स्थानकाच्या पडद्यावर १४.२ अँपिअर, आमच्या क्लँप मीटरवर १४.४. इनलेटच्या पिना हाताला कोमटही लागल्या नाहीत. मग मुद्दाम कॅनची तार काढून पाहिली, तेव्हा चार्जर काही सेकंदांत थांबला आणि पाठोपाठ रिलेही सुटला. दुसरा चार्जर पुढच्या महिन्यात बसवेन.

राहिलेला प्रश्न कुलपाचा आहे. टाइप २ च्या गनला खटका नसतो, त्यामुळे चालू असताना ती कोणीही ओढून काढू शकते. पायलटची पिन आखूड असल्याने ती आधी सुटते आणि स्थानक वीज तोडते हे मी वाचले आहे, तरी इनलेटमधील १२ व्होल्टची कुलूप-मोटार जोडावी असे वाटते. तिला पाच तारा आहेत. दोन मोटारीच्या, तीन स्थिती सांगणाऱ्या. ऐन वेळी छोटी बॅटरी उतरली आणि गन आतच अडकली, तर ती हाताने सोडवण्याची दोरी ओम्नीत कोठून काढावी, हे कोणी केले असेल तर छायाचित्रासह सांगावे.

पायलटवायर

बीएमएसचा तो घोळ जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होतो. दोरीसाठी: इनलेट जुन्या पेट्रोल टाकीच्या तोंडाशी बसवला असेल तर आतल्या पत्र्याला सहा मिलिमीटरचे छिद्र पाडून रबरी बुशमधून सायकलच्या ब्रेकची तार मागच्या दारापर्यंत आणावी. दार उघडले की हाताशी येते, बाहेरून कोणाला दिसत नाही. छायाचित्र रविवारी टाकतो.